एका माणसाची जागा

बेंगकालिस (सुमात्रा), ता. १२ मे १९४७

आबांग खैदिर यांस मैमुनाचा सलाम वि. वि.

नावाडी सालेहकाकांच्या हाती पत्र देते आहे. सिंगापुरात रबर विकायचं, डचांशी लढणाऱ्या आपल्या नव्या फौजेसाठी बंदुका घ्यायच्या आणि दोन महिन्यांत परत, असं सांगून गेलात त्याला आठ महिने झाले. तुमची रफिया आता धरून उभी राहते. खुंटीवरचा तुमचा कोट दाखवून ‘हे तुझे बाबा’ म्हटलं की खुदकन हसते. कोटाला तरी लाजा!

माझा धाकटा भाऊ जमहूर पलटणीत गेला. दहा जणांत बंदुका तीन, बाकीच्यांकडे बांबूचे भाले. हे तो हसत सांगतो आणि मी भात ढवळते.

लोभ आहेच, आता माणूसही दिसावा.

आपली मैमुना

सिंगापूर, ता. ३ जून

प्रिय मैमुनास अनेक आशीर्वाद.

याच नावेने मी निघालो होतो. सामान चढवलं, रफियासाठी झबलंही घेतलं. पण नाव फार भरली. डचांची गस्तीची बोट मागे लागली तर पळता येणार नाही, एक तर तुम्ही उतरा नाही तर ही शेवटची पेटी धक्क्यावर राहू द्या, असं सालेहकाका म्हणाले. पेटीत दहा बंदुका. मला जमहूरचा भाला दिसला. मी उतरलो.

पेटी चढवायच्या आत, तिच्यावरच कागद ठेवून लिहितो आहे. झबलं सोबत आहे. भरपूर रागाव, पण पत्र लिही.

तुझाच खैदिर

बेंगकालिस, ता. ९ जून

आबांग खैदिर यांस सलाम वि. वि.

नाव सुखरूप पोचली. वाटेत गोळीबार झाला, पण सालेहकाकांनी ती खाडीत घातली. मी ठेवणीतले कपडे घालून धक्क्यावर उभी होते. सगळे उतरले, तुम्ही नाही. पेटीवर बसून रडले, तेव्हा पलटणीतली पोरं माना खाली घालून थांबली. शेवटी जमहूरच म्हणाला, ताई, ऊठ गं, बंदुका काढायच्यात. मग उठले.

झबलं तोकडं झालं. पोर वाढते आहे, हे तुम्हाला कोण सांगणार?

पलटणीचे कप्तान घरी आले होते. तुमच्यासारखा भरवशाचा माणूस तिथे दुसरा नाही, आणखी एक वर्ष थांबा, असं तुम्हाला लिहायला त्यांनी मला विनवलं. मी हो म्हणाले. तर हे त्यांचं म्हणणं कळवलं.

आता माझं म्हणणं. या.

मैमुना