अर्ध्या क्रेटवर कुणाचं नाव

आबा, घर बांधायच्या आधी घरात कसं राहायचं याचं पुस्तक कोण लिहितं, तुम्हीच सांगा. आता मी सांभाळते त्या आपल्या वॉशरच्या शेडसाठी सॉफ्टवेअर कर म्हणून हिंजवडीच्या एका पोरीला सांगितलं, तर महिन्याने ती नुसती वही घेऊन आली. सॉफ्टवेअरचा पत्ता नाही आणि ते कसं वापरायचं ते लिहून तयार. म्हणते, "काकू, आधी वाचा. पटलं तरच करायला घेते." मी म्हटलं, "बाई, मी चौथी शिकलेली. ते पण चष्मा सापडला तर."

मग तिलाच बायांपुढे वाचायला बसवलं. पत्रा तापलेला, रबराचा वास, पंखा सगळ्यांचे आवाज ढवळतोय, आणि अजून नसलेल्या सॉफ्टवेअरमधून आम्ही फिरतोय. क्रेट भरला, हिरवं बटण दाबा, भरणारीचं नाव येईल. मला ते बटण खरंच दिसायला लागलं, कैरीएवढं. तेवढ्यात एकजण म्हणाली, "अन् शिफ्ट सुटताना अर्धा राहतो तो? डोक्यावर घेऊन घरी न्यायचा व्हय?" सगळ्या हसल्या. पोरगी मात्र खूश. "नंतर कळलं असतं तर सगळं उसवावं लागलं असतं. सांगा काकू, अर्ध्या क्रेटवर कुणाचं नाव?"

आपल्याकडे अर्ध्यावर नाव नसतं. जाणारी ठेवून जाते, येणारी भरते, ही तुमचीच रीत. पण माल घेणाऱ्या कंपनीला आता नाव पाहिजे. खराब माल निघाला की ती बाई काढा म्हणतात.

पोरगी पेन उघडून बसली. पण मी तिथे नव्हतेच. मी सोळा वर्षांची आहे, आणि खडूने नाव लिहिलेल्या एका अर्ध्या क्रेटपुढे तुम्ही उभे आहात. आतले वॉशर वेडेवाकडे कापलेले. तुम्ही तळहाताने नाव पुसता, हात पांढरा होतो. "हितं नाव लिहायचं न्हाई," एवढंच म्हणता आणि चहाला निघून जाता. तेव्हापासून ही रीत.

नाव माझ्या शेजारी बसणाऱ्या पुनावळ्याच्या मावशीचं होतं. वॉशर माझे होते, आबा. लिहिलं पण मीच. त्या तशाच मान खाली घालून कापत राहिल्या, आणि मी आजवर कुणाला हे सांगितलं नाही.

तुम्ही माझं अक्षर ओळखलं होतं का? नाव पुसलं ते त्यांना वाचवायला, की मला? त्यावर ठरेल वहीत काय लिहायचं ते. हा कागद पाठवायला पत्ता नाही, मला माहीत आहे. पण शनिवारी पोरगी वही न्यायला येणार आहे. त्याच्या आत सांगा.