अर्ध्या तासाचं विमान

६ जानेवारी २००३
श्रीरंग गेला. माझा थोरला. इंफाळला कामावर गेलेला, सकाळी चहा पिता पिता पडला. फोन सुनेचा, विनयाचा. ती सिल्चरला घरी. फोन ठेवून चुलीकडे गेले तर आमच्या म्हाताऱ्याची, श्रीरंगच्या बापाची, पेज खाली लागलेली. तशीच वाढली. मुकाट खाल्ली त्याने.

त्याला सांगायचं नाही. दिवाळीपासून अर्धं अंग गेलंय. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला की संपलं.

७ जानेवारी
शेजारची सालोमी शाळेत भूगोल शिकवते. तिने नकाशावर पट्टी ठेवली. इंफाळ ते सिल्चर हवेतून सव्वाशे किलोमीटर, विमानाला अर्धा तास. आमच्या उमेळ्याहून शेजारच्या गिरीजला जायचं तर मी रिक्षाची वाट बघतच तेवढी उभी असते! पण तिथे धुकं. विमानं बंद. रस्ता डोंगरातला, दरड पडलेली. बायको या टोकाला, मढं त्या टोकाला.

या आठवड्यात श्रीरंग सुट्टीवर येणार होता, आधी विमानाने सिल्चरला, मग विनयाला घेऊन इकडे. म्हातारा विचारतो, विमान सुटलं का? धुकं आहे म्हटलं. खोटं तरी नाही.

८ जानेवारी
धुकंच. शेवटी तिथेच जाळला. अग्नी ऑफिसातल्या कोणी दिला. विनयाला तोंड दिसलं नाही. अर्ध्या तासासाठी! आग लागो त्या पंखांना.

रामनाथ न्हावी आला, दर बुधवारचा. म्हाताऱ्याने परत पाठवला. थंडी वाजते म्हणे.

१० जानेवारी
सुतकात देवाला दिवा नाही, गोड नाही, न्हावी नाही. आमचं देवघर नेमकं त्याच्या खाटेसमोर. गुडघा धरलाय, उभं राहवत नाही, म्हणून दिवा नाही, असं सांगितलं. दिवसभर लंगडतेय. सालोमी म्हणाली, आजी, मी लावते. म्हटलं, तू तुझ्या देवळात मेणबत्ती लाव. माझे देव बसू देत दहा दिवस अंधारात. पोरगा नेला, एवढं सोसतील.

म्हाताऱ्याला सुतक नाही. ज्याने ऐकलं नाही त्याला लागत नाही. तेवढा एक सुटला.

११ जानेवारी
विमान सुटलं का? — धुकं.

१४ जानेवारी
संक्रांत. सालोमीशिवाय गावात कोणाला सांगितलेलं नाही, बायका तिळगूळ घेऊन आल्या. साखर वाढलीय म्हणून मी घेतला नाही. त्यांनी म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला. संध्याकाळी अंथरूण झटकलं तर उशीखाली! एरवी गूळ चोरून खाणारा माणूस. काय हो हे? तर म्हणे, तोंड कडू आहे.

मग तेच. विमान सुटलं का? धुकं म्हटलं.

"दाट असेल," म्हणाला.

१५ जानेवारी
बुधवार. रामनाथ पुन्हा हात हलवत गेला. दाढी ही एवढी. विचारलं, ऋषी व्हायचंय का? हसला नाही.

१६ जानेवारी
सकाळीच हाक मारली. रामनाथला निरोप दे म्हणाला. म्हटलं, काल का परत पाठवलात मग?

"अर्ध्या तासाचं विमान. त्याला दहा दिवस धुकं होय गं?"

मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

"विनयाचा फोन आला, पेज करपली. तो पहिला दिवस. आज अकरावा. दिवा लाव."

गुडघा विसरून उठले.