सांगितलेलं ऐकणारी

३ मार्च

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानाचं यंत्र खणात पडून असतं, असं शेजारच्या बाई कळवतात. म्हणून फोन न करता लिहिते आहे. यंत्राचा उपयोग खणाला होतोय, तुला नाही, एवढं बोलून मुद्द्यावर येते.

मी पुन्हा एका खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार आहे. आरोपी एकोणतीस वर्षांचा, खोक्यांच्या गोदामात हमाली करतो. गोदाम जळलं, आतला पहारेकरी भाजला, आणि याने चाळीस मिनिटांत गुन्हा कबूल केला. दुसरा पुरावा जवळपास नाहीच. कबुली टिकली तर बारा वर्षं आत. तुरुंगात त्याला होयबा म्हणतात. मी त्याला माझ्या खोलीत बसवून विचारलं, की मागच्या आठवड्यात माझी खिडकी तूच फोडलीस ना. तो हो म्हणाला, दगड कुठून उचलला ते सांगितलं आणि माफीही मागितली. खिडकी त्याच्या समोरच होती, धडधाकट.

आई गरोदरपणी दारू प्यायली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो, तो हा, असं माझं मत आहे. अशी माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून न घडलेलंही आठवू शकतात. काहींच्या चेहऱ्यावरून ते ओळखू येतं. याच्या चेहऱ्यावर काहीच नाही. म्हणून आई प्यायली होती याचा पुरावा लागतो. आणि आई म्हणते, आयुष्यात थेंबाला शिवले नाही. लाँड्रीत इस्त्री करते, शब्दाची पक्की बाई. त्याच्या वकीलबाईंनी अडचण समजावली, तेव्हा म्हणाली की मग प्यायले म्हणून सांगते, किती प्यायले तेवढं तुम्ही सांगा. असं खोटं चालणार नाही हे तिच्या गळी उतरवताना मला घाम फुटला.

तू मेट्रन होतीस त्याच प्रसूतिगृहात तो जन्मला. जुने कागद कुठे मिळतील का?

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास की सल्लेही वाढतात.

तुझी,
ठकी

९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

यंत्र लावलं की नळ, पंखा आणि शेजारच्या बाई असे तिघेही एकदम ऐकू येतात. त्यापेक्षा खण बरा.

प्रसूतिगृहाच्या जागी आता सोफे विकतात. मी मध्यंतरी जाऊन आले. माझं टेबल होतं तिथे तिघांचा सोफा आहे. बसून पाहिला. पाठीला काही आधार नाही. कागद तळघरात होते आणि तळघरात पाणी शिरलं, तेव्हा कागदांचा नाद सोड.

ही बाई मला आठवत नाही. वर्षाला सहाशे बाया यायच्या, आणि सगळ्यांचा स्वभाव एकच, ऐकायचं म्हणून नाही. आराम करा म्हटलं की कपाट सरकवणार, दूध घ्या म्हटलं की ते नवऱ्याला देणार. म्हणून मी प्रत्येकीला माझ्या हाताने कार्ड लिहून देत असे. काय खायचं, किती चालायचं, कुठलं औषध किती, आणि पुढे रोज खूण करायला चौकोन. बहुतेक कार्डं कोरीच परत यायची. तूही त्यांच्यातलीच. आईमागे तू माझ्याकडे आलीस तेव्हापासून वेळेवर जेव म्हणून सांगते आहे, अजून सांगतेच आहे.

दारूचं म्हणशील, तर माझ्या वॉर्डात तसला वास नुसता आला असता तरी मी हाकलून दिलं असतं. बाई नाही म्हणते तर नाहीच. तुझं निदान चुकलं असेल, हेही लक्षात घे. चुकलं तर चुकलं म्हणावं, त्यात लाज कसली?

लोभ धर आणि जेवून घे.

आत्या

१८ मार्च

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

ती बाई तुझं कार्ड घेऊन आली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एकोणतीस वर्षं जपलं आहे. आपण काही चुकलो नाही हे दाखवायला आणलं होतं. सगळ्या चौकोनांत पेन्सिलीच्या खुणा आहेत. सकाळच्या चालण्यापुढे फक्त दोन चौकोन कोरे आहेत. त्या दोन दिवशी ताप होता, असं तिने न विचारता सांगितलं.

अक्षर मी लगेच ओळखलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे: टॉनिक, चहाचा कप भरून, तीन वेळा, जेवणानंतर. टॉनिक कसलं, असं विचारलं तर म्हणाली, गोड होतं, संत्र्याच्या सालीचा वास यायचा, घशाला जरा लागायचं, झोप मात्र छान लागायची. बाटली अजून आहे. झाकणाला भोकं पाडून ती इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडायला वापरते. लेबल अर्धं उरलं आहे. प्रसूतिगृहाच्या औषधखोलीत तयार केलेलं, मद्यार्क अठरा टक्के.

रोज तीन कप, साडेसहा महिने. आत्या, ही दारूच झाली.

अक्षर माझ्या आत्याचं आहे, हे मी त्याच दिवशी कोर्टाला कळवलं. त्यामुळे मला या खटल्यातून बाजूला केलं आहे आणि माझी टिपणं दुसऱ्या डॉक्टरकडे गेली आहेत. अक्षर कुणाचं, हे त्या बाईला मी सांगितलेलं नाही. अर्धं लेबल आणि पेन्सिलीच्या खुणा एवढ्यावर सरकारी वकील समाधान मानणार नाहीत. ते कार्ड लिहिणारी बाई हवी.

तुझं वय शहात्तर आहे. आठवत नाही म्हणालीस तर कुणी बोट दाखवणार नाही. मीसुद्धा नाही. त्याला मात्र बारा वर्षं होतील. मला तुझी फार काळजी वाटते आहे, आणि तरीही हे पत्र मी टाकणार आहे.

या खेपेला लोभाचं काही लिहवत नाही.

ठकी

२१ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

आठवतं.

मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं दोन चमचे, दिवसातून एकदा. कप मी केला. बाया सुकलेल्या यायच्या, दोन चमच्यांनी काय होणार, असं मला वाटलं. कपाने त्यांना झोप लागायची, चेहऱ्यावर रंग यायचा. डॉक्टरांना मी विचारलं नाही. ते कार्ड वाचत नसत, आणि माझ्या वॉर्डात मला विचारणारं कोणी नव्हतं. टॉनिकात काय असतं ते मला माहीत होतं. त्याला दारू म्हणतात, हे मात्र डोक्यात कधी आलं नाही. औषधाच्या बाटलीतून येत होतं ना.

वकीलबाईंना तारीख कळवायला सांग. कानाचं यंत्र लावून येईन. कुणाचं तरी ऐकून घ्यायची पाळी माझ्यावर बऱ्याच वर्षांनी येते आहे.

निदान चुकलं असेल असं लिहिलं होतं, ते मागे घेते.

आत्या

२४ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुला आत येऊ दिलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

साक्षीदाराची खुर्ची त्या सोफ्यापेक्षा बरी आहे. सरकारी वकील फार गोड माणूस. या वयात आठवणी सरमिसळ होतात, असं त्याने मला तीनदा समजावलं. मी त्याला टॉनिकाची अख्खी कृती सांगितली, मापासकट. मग त्याने विचारलं की कार्डं शेकडो बायकांना दिलीत, मग त्यांची मुलं ठणठणीत कशी. मी म्हटलं, सगळी ठणठणीत आहेत की नाहीत ते मला ठाऊक नाही, कुणी मोजलेली नाहीत. पण बहुतेक जणी टॉनिक मोरीत ओतायच्या, काही नवऱ्याला द्यायच्या. त्याबद्दल मी त्यांना फाडून खायची. यावर तो खाली बसला.

तुझ्या जागी आलेल्या डॉक्टरला अजून धड दाढी येत नाही, पण सांगतो छान. त्याने होयबाला सगळ्यांसमोर विचारलं, की या बाईंना ओळखतोस का. तो म्हणाला हो, माझा जन्म झाला तेव्हा यांनी निळा स्वेटर घातला होता. न्यायाधीशबाईंनी कबुली बाद केली, आणि मागे दुसरं काही नव्हतंच. परवा तो घरी गेला. आठवड्यातून एकदा त्याच्याकडे मदतीला कोणीतरी येत जाईल.

बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. मी कोण ते तिला आत कळलंच होतं. मी तयारीने गेले होते, ती जे बोलेल ते ऐकायच्या. तिने पिशवीतून कार्ड काढलं आणि त्या दोन कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवलं. म्हणाली, बाई, त्या दोन दिवशी चालले नाही, म्हणून तर असं झालं नाही ना? एकोणतीस वर्षं तिला हेच विचारायचं होतं.

मी तिला सांगितलं की त्या दोन दिवसांनी काही झालं नाही. जे झालं ते मी सांगितलेलं तिने ऐकलं म्हणून झालं. आणि सहाशेंत तिच्याइतकं माझं कुणी ऐकलं नव्हतं, हेही सांगितलं. तिने मला बाकावर जागा करून दिली.

लोभ ठेव. जेवणाचं तुझं तू बघ.

आत्या