आधी दवाखान्यातल्यांना

२ ऑगस्ट १९५९
परंड्याच्या एसटीनं कॉलऱ्याची लस आली. ओढ्यापलीकडं दोन घरांत पटकी. उद्यापासून गावाला टोचायचं. आधी स्वतः घेतली, मग दवाखान्यातल्या तिघांना म्हटलं, बाह्या वर करा. कंपाउंडर रामलिंगअप्पा हसले. "वीस वर्षं औषधातच हाय साहेब. मला काय होतंय?" सुईण गंगूबाई : "हात सुजला तर बाळंतीण कोण सोडवंल? तुमी?" लस टोचणारा माणिक तेवढा बसला. तोही तोंड फिरवून.

४ ऑगस्ट
चावडीपुढं पंधराएक माणसं. एका म्हातारीनं विचारलं, "ह्या अप्पानं घेतली का?" रजिस्टर उघडलं. अप्पांच्या नावापुढं 'टोचले'. त्यांच्याच अक्षरात! चारचौघांत काय बोलणार. "घेतली," म्हणालो. धडधडीत खोटं. जेवण गेलं नाही.

५ ऑगस्ट
अप्पांना आत बोलावून झापलं. "नाव लिवलं न्हाय तर वरून इचारतेत, म्हणून लिवलं. मागं टोचल्यावर तीन दिवस तापानं पडलो, तवा रजा कुणी दिली?" रजेचं त्यांचं खरं. पण म्हणून रजिस्टरात...

७ ऑगस्ट
माणिकला जुलाब, उलट्या. त्या तिघांतला टोचून घेतलेला तेवढाच, आणि त्यालाच! लस अंगी लागायला आठवडा तरी जातो, हे ओरडून सांगितलं. अप्पा : "बघा." एवढंच. दुपारी चावडीपुढं चिटपाखरू नाही. डोकं फिरायची पाळी.

८ ऑगस्ट
माणिकला सलाईन. डोळे खोल गेलेत. गंगूबाई सकाळपासून त्याच्याजवळ. मध्येच येऊन दंड पुढं केला. "टोचा."
"पटलं का आता?"
"पटलं न्हाय. ह्याची शीर धरताना तुमचा हात कापत व्हता. तुमी भ्यालाव म्हंजी लईच वंगाळ असंल."
रागवावं की हसावं, कळेना. टोचलं.

९ ऑगस्ट
माणिकला अजून लघवी नाही, म्हणजे धोका टळलेला नाही. गंगूबाईला ताप, दंड सुजलेला. त्यात ओढ्यापलीकडून निरोप, बाळंतीण अडलीय. गंगूबाई तशीच निघाली. "नको जाऊस," म्हटलं तर, "मग तुमी बी चला." माणिकला कुणावर टाकून जाऊ? अप्पा पुढं आले. चादर बदलायला लागले, घाणीत हात घालून. "जावा तुमी. म्या बसतो."
"अप्पा, निदान आता तरी टोचून घ्या."
"जावा म्हणलं ना."
ते तसेच बसले. मी बॅग उचलली.