पल्याडची हाक

श्रावण, सोमवार

पाऊस थांबायचं नाव नाही. काल उसाचे निदान शेंडे दिसत होते, आज तेही बुडाले. शेंड्याच्या पोंग्यात पाणी शिरलं की ऊस कुजतोच, हे मलाही कळतं. पण खरं सांगू? उसासाठी जीव तेवढा तुटत नाही. लाज वाटायला पाहिजे का मला?

हे पल्याड माळावर अडकलेत. आधी म्हैस अल्याड आणून बांधली, मग बैल आणायला परत गेले आणि मागं पंचगंगेचं पाणी ओढ्यात चढलं. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला पल्याडून हाक येते, "चंद्रेऽऽ!" चंद्री म्हणजे आमची म्हैस.

आज सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "म्हस तर त्यानंच हिकडं आणून बांधलीया की! मग ह्यो रोज हाक कुणाला मारतोय?"

मी खाली मान घालून चूल फुंकत राहिले. बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही.

"उगं फुकत बसू नगं. जा, म्हशीला पाणी दाखवून आण."

चहूकडं पाणीच पाणी, आणि म्हशीला पाणी दाखवायचं!

गेले. पल्याडचं माणूस काही दिसेना. पुन्हा हाक आली, "चंद्रेऽऽ!" आवाज बसलाय त्यांचा. भिजले असतील. मी तरी त्यांचं नाव कसं घेणार? पण बैल तिकडंच होते ना. पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

"सर्ज्याऽऽ, जेवलास का रं?"