दुधाची गाठ

५ जानेवारी १९९२

मी सांगते, सून पुष्पा लिहिते. मला अक्षर येत नाही, जीभ येते!

माणसं केळी कापायला गेल्यावर नर्सबाईनं आमच्या ओट्यावर बायका जमवल्या. म्हणाली, महिन्यातून एकदा आंघोळीला बसल्यावर आपली छाती आपणच चाचपायची. बोटं सपाट ठेवून, गोल गोल, काखेपर्यंत. कातडीला खळगा, बोंड आत ओढलेलं, गाठ — काही दिसलं तर लगेच दाखवायचं. न दुखणारी गाठ तर आधी.

मी म्हटलं, "व माय! नवरा गेल्यापासून यांची कोणी विचारपूस केली नाही. आता सरकार करते!" बायका हसल्या. पुष्पा नाही हसली.

६ जानेवारी

चाचपलं. दोन रिकाम्या थैल्या, बाकी काही नाही. पुष्पाला म्हटलं, आता तू. ती म्हणाली, "आत्याबाई, माझी तर तुम्ही दिवाळीतच पाहिली."

पाहिली. गाठ होती, सुपारीएवढी. धाकटीचं दूध तोडून वर्ष झालेलं, तरी मी म्हणाले, दुधाची आहे. गावातल्या किती बाळंतिणींच्या गाठी या हातांनी चोळून बसवल्या — तो तोरा! एरंडाचं पान गरम करून बांधलं. दोन महिने. रोज विचारायची, "दुखते का?" "नाही." "मग उतरते बघ!"

११ जानेवारी

जळगाव. माझा मुलगा भटू, पुष्पाचा नवरा — त्याला सांगितलं, गुडघा दाखवायचाय. "मी येतो." "तू केळीचा ट्रक भर. गुडघा माझा आहे!"

डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासायला घेतलं. रागावल्या, "इतके दिवस काय केलं?" पुष्पा पटकन म्हणाली, "मीच लपवलं."

खोटं! हे लिहायला ती तयार नव्हती. लिहायला लावलं.

१८ जानेवारी

रिपोर्ट वाईट. आजच्या ओळी वाकड्या आहेत, एवढं मलाही दिसतं.

२९ जानेवारी

आज भटू लिहितो. पुष्पा जळगावला दवाखान्यात आहे. डावी बाजू काढली. काखेतही पसरलंय म्हणतात. हा तिच्या खाटेपाशी उभा राहून तिलाच बोलला — "लपवलं कशाला?"

लिही, भटू. तिनं लपवलं नाही. दिवाळीतच मला दाखवलं होतं. दुधाची गाठ आहे असं तुझी आई म्हणाली.

लिहिलंस? आता मोठ्यानं वाच.