खाऱ्या टाकीचं सफाई पथक

तीर्थरूप ताईंना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकले आहे. खरोखर वाकायचं तर हॉलच्या फरशीवर पुन्हा खारं पाणी सांडलंय, आणि माझी कंबर तुम्हाला ठाऊक आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरतो की उतरताना? भावोजींनी चष्मा बदलला, की अजून हात लांब करूनच पेपर वाचतात? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, तुमचे बंधू, दोन मासे आणि एक सफाई पथक. पत्र त्या पथकाबद्दलच आहे आणि लांबणार आहे, तेव्हा आधी गॅसवर काही असेल तर उतरवून या.

तुमचे बंधू सफाई खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले, ते तुम्ही पाहिलंतच. (निरोपाचं त्यांचं भाषण तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे.) उभी हयात शहराचा कचरा उचलण्यात गेली, असं ते सांगतात. उचलला दुसऱ्यांनी, ह्यांनी उचलल्याच्या कागदावर सही केली. घरात तेवढंही नाही. चहाचा कप जिथे रिकामा होतो तिथेच त्याचा मुक्काम. निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या डाळींच्या डब्यांची तपासणी सुरू केली आणि हरभऱ्याच्या डब्यात भुंगा सापडल्यावर मला खुलासा विचारला, तेव्हा तुमच्या भाच्याला दया आली. (माझी की त्यांची, ते मी विचारलं नाही.) वडिलांचं मन रमावं म्हणून त्याने काचेची टाकी आणून दिली. तीही साध्या पाण्याची नव्हे, समुद्राची. गाळून शुद्ध केलेलं पाणी आणायचं, त्यात खास मीठ कालवायचं, खारटपणा काट्यावर मोजायचा. आत भोकाभोकांचे दगड, पांढरी वाळू, दगडांवर चिकटवलेले जिवंत प्रवाळाचे दोन तुकडे आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. टाकी लहानच, आपल्या पत्र्याच्या ट्रंकेएवढी. पण ठेवायला घरात नेमकी एकच जागा निघाली, जिथे माझं शिलाई मशीन होतं तिथे, खिडकीशी. मी म्हटलं, इथे ऊन थेट पडतं, शेवाळ धरेल. तर म्हणाले, "निसर्गाला प्रकाश लागतो." मशीन आता स्वयंपाकघरात फ्रिजला खेटून आहे. टीप मारताना माझं कोपर लागलं की फ्रिजचं दार उघडतं.

शेवाळ धरलंच. आधी वाळूवर चहाची भुकटी सांडल्यासारखा तपकिरी थर आला, मग दगडांना हिरवी दाढी फुटली. ह्यांच्या जिव्हारी लागलं. "माझ्या हद्दीत घाण?" म्हणाले आणि जाडजूड पुस्तकं आणून अभ्यासाला बसले. जेवताना मला शिकवणी. काचेवरचं कोण चाटतं, दगडावरचं कोण खरवडतं, माशांचं उष्टं कोण उचलतं, वाळू कोण उकरतं. सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांचं उष्टं ताट उचलून आत नेलं.

मग आम्ही दुकानात गेलो. दुकानदार केसांचा बुचडा बांधणारा, गोड जिभेचा माणूस. त्याने पाहताक्षणी ह्यांना "या साहेब" म्हटलं आणि तिथेच आम्ही बुडालो. मी आपलं विचारलं, "एवढ्याशा टाकीला दोन-चार गोगलगायी पुरे नाहीत का हो?"

"पुरतील की, बाई," तो म्हणाला. "साधी माणसं तेवढ्याच नेतात. पण साहेबांचा अनुभव दांडगा."

"अपुऱ्या मनुष्यबळावर मी कधीच काम केलेलं नाही," तुमचे बंधू म्हणाले. झालं. काचेसाठी शंकूसारख्या गोगलगायींची एक फौज, दगडांसाठी लिंबाएवढी एक दांडगी गोगलगाय, वाळूत दडून राहणाऱ्या आणखी काही, शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी, आणि वाळू उकरायला म्हणून एक तारामासा. एवढी भरती ह्यांनी नोकरीत असताना कधी केली नसेल. तिथे वरून मंजुरी लागायची.

पहिले काही दिवस काम दृष्ट लागण्यासारखं झालं. दगड घासून काढलेल्या कढईसारखे. हे खुर्ची टाकून समोर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हजेरी दाखवायचे. मग शेवाळ संपलं, ताई. खाणारी तोंडं मात्र तेवढीच राहिली. लिंबाएवढीने भुकेपोटी फिरताना एक प्रवाळ दगडावरून ढकलून दिलं. शंकूवाल्या काचेवरून घसरून पाठीवर पडत, आणि पडल्या की त्यांना स्वतःहून उठता येत नाही; मग हे माझं लाकडी उलथणं घेऊन एकेकीला उलथत बसायचे. खेकडे तर अस्सल भाडेकरू! जागा पुरत नाही म्हणून एकाने जिवंत गोगलगायीला ओढून काढलं आणि तिच्या शंखात बिऱ्हाड थाटलं. "काही जणांना कमी करा," असं मी सुचवलं. "माझ्या कारकिर्दीत एकालाही घरी बसवलेलं नाही," असं बाणेदार उत्तर मिळालं. उलट उपाशी कर्मचाऱ्यांसाठी वाळवलेल्या शेवाळाच्या पट्ट्या आणल्या. म्हणजे बघा, शेवाळ खायला माणसं आणली आणि त्या माणसांना खायला शेवाळ आणलं. खातं कसं चालतं ते मला इतक्या वर्षांनी घरबसल्या कळलं.

मधेच एका सकाळी कोळंबी गेली. वाळूवर आडवी, डोळे, मिशा, पाय सगळं जागच्या जागी, पण हालचाल नाही. तुमच्या बंधूंनी न्याहारी केली नाही. तिला वाडग्यात काढून म्हणाले, "कामसू होती." मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू, गच्चीतल्या कुंडीत आम्ही दोघांनी मिळून तिला माती दिली. परत येऊन पाहतो तर दगडामागून कोळंबी मिशा हलवत बाहेर! ती कात टाकते, ताई. कुंडीत पुरला होता तो तिचा जुना अंगरखा. ("पुस्तकात होतं, पण ते प्रकरण पुढे होतं," हे म्हणाले.)

खरी आपत्ती गेल्या रविवारी आली. टाकीचं पाणी दूध पडल्यासारखं गढूळ झालं आणि हॉलमध्ये पाऊल ठेवताच नाकाला पदर लावावा असा वास. दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. ह्यांनी दुकानदाराला फोन लावला. साहेब म्हणणाऱ्याने उचलला नाही. तुमच्या भाच्याला लावला, तो बैठकीत. मग हे टाकीसमोर हातातला फोन तसाच धरून उभे राहिले. चेहरा इतका पडलेला की मला ओरडायचं होतं तेही राहून गेलं. "अगं, मरतील का ते?" एवढंच म्हणाले.

मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मागच्या दगडाच्या कपारीत तारामासा होता, मरून विरघळायला आलेला. एवढ्याशा वाळूत त्याला खायला मिळणार तरी काय, बिचारा उपासमारीने गेला. त्याला काढून टाकला. मग ह्यांनी तयार करून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याचे कॅन ओढून आणले, नळीने घाण पाणी बादलीत उतरवलं, चांगलं ओतलं. ते पुरेना, म्हणून आणखी कालवलं. आधी अंदाजाने मीठ घातलं आणि मग काटा लावला, तर बरोबर! बादल्या मी उचलल्या, फरशी मी पुसली, मोरी मी धुतली. हे टॉर्च धरून होते. (सरळ धरला होता. मान्य करायला हवं.) दुपार कलताना पाणी निवळलं, मासे खाली गेले, आणि मी भिंतीला टेकून बसले.

आणि मग माझ्या तोंडून निघालंच. म्हटलं, "ह्या घरात आणखी एक सफाई पथक आहे. त्याची निवड कोणी केली होती हो, एवढी पुस्तकं वाचून?"

तुमच्या बंधूंनी गंभीरपणे विचार केला. "आईने," म्हणाले, "आणि ताईने."

मी हसावं की रडावं! पण त्यानंतर ते उठले, दोन कप चहा करून आणले (साखर नव्हती, तरी मी प्यायले), आणि दोन्ही कप स्वतः आत नेले. नुसते नेऊन ठेवले नाहीत, ताई, धुतलेले! ओट्यावर पालथे! मी दोनदा जाऊन पाहिलं.

तरी व्हायचं ते झालंच. माझं मशीन फ्रिजला चिकटलेलं, फरशीवर मिठाचे पांढरे डाग, आणि उरलेल्या गोगलगायींपैकी निम्म्या वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यीणबाईंच्या टाकीत बदलीवर पाठवाव्या लागल्या. (कमी केल्या नाहीत, बदली केली, असं हे सांगतात.) निवडीत तुमचा हात होता, म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्या दारात घातलं. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
भावजय

ता. क. – लिहायचं राहिलं. तुमचा हॉल मोठा आहे आणि खिडकी उत्तरेला. ही टाकी तुमच्याकडे पाठवू का? गाडीची व्यवस्था मी करते. ह्यांना समजावणं तुमच्याकडे. तुमचं ते ऐकतात.

ता. क. २ – पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, बरं झालं. वरचं रद्द समजा. आज हे अंघोळीला गेले असताना मी टाकीत चिमूटभर खाणं टाकलं. वाळूत दडलेल्या त्या गोगलगायी एकदम सोंडा वर काढून बाहेर आल्या, आणि कोळंबी माझ्या बोटावर चढून नखं साफ करू लागली. इतक्या वर्षांत ह्या घरात माझ्या हाताची कुणी अशी विचारपूस केलेली नाही. टाकी इथेच राहू दे. आज बाजारातून खिडकीला जाड पडदाही आणला, आणि वाळूसाठी काय घ्यायचं ते मी ठरवलंय. ह्यांना अजूनही तारामासाच हवा आहे.

ता. क. ३ – तेव्हा मुख्य काम असं, की तुमच्या भावाला पंधरा दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. गुडघ्याचं निमित्त करा. एवढ्या लहान टाकीला दोन साहेब परवडत नाहीत.